छत आधी बोलतं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



माझ्या घरी दाराच्या मागे एक काठी उभी असते. बांबूची, पाच-सहा फूट लांबीची, एका टोकाला लोखंडी टोपण बसवलेली. नवीन माणूस घरी आला की विचारतो, "काय हो, साप निघतात का इकडे?" मी म्हणतो, साप निघतात, पण ही काठी सापासाठी नाही. ही छताशी बोलायची काठी आहे.

मी वणी तालुक्यातला. उभं आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलं. आमच्याकडे खाण कोणी म्हणत नाही, खदानच म्हणतात. आधी भूमिगत खाणीत सरदार होतो, मग ओव्हरमन झालो आणि शेवटची काही वर्षं नव्या कामगारांना शिकवायचं काम केलं. सरदार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर घोडा आणि तलवार येईल. खाणीतल्या सरदाराच्या हातात ही काठी असते. पाळी सुरू होण्याआधी त्यानं आत जायचं, हवा तपासायची, छत तपासायचं आणि मगच माणसांना कामावर सोडायचं. एवढ्या माणसांचा जीव त्या पाळीपुरता त्याच्या हवाली असतो.

छत तपासायचं म्हणजे काय? काठीचं लोखंडी टोक छताला ठोकायचं आणि कान द्यायचा. दगड भरीव असेल तर 'ठण्ण' असा खणखणीत आवाज येतो. आतला थर सुटला असेल तर 'ढब ढब' वाजतं, तडा गेलेल्या माठासारखं. हात पोहोचत असेल तर दुसरा तळवा छताला लावायचा. सुटलेला दगड ठोकल्यावर तळव्याला थरथर जाणवते. छताला लाकडी टेकू दिलेले असतात. छताचा भार वाढला की लाकूड करकरतं, त्याच्या चिरफळ्या उडायला लागतात. जुने खाणकामगार लाकडी टेकूवर जीव लावायचे, याचं कारण हेच. लोखंड मुकाट्यानं वाकतं, लाकूड मोडायच्या आधी ओरडतं.

म्हणून आमच्यात म्हणायचे, छत एकदम पडत नाही. ते आधी बोलतं. आज मला तुमच्याशी याच बोलण्याबद्दल बोलायचं आहे.

तीन टब आणि सात मिनिटं

गोष्ट १९८० नंतरच्या काही वर्षांतली. मी नवा सरदार होतो. खाणीचं नाव सांगत नाही. त्या दिवशी त्या भागाचा सरदार मी होतो, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

खाणीत कोळशाचे खांब काढायचं काम चालू होतं. भूमिगत खाणीत कोळसा काढताना छताला आधार म्हणून कोळशाचेच मोठे खांब सोडतात आणि शेवटी मागे सरकत सरकत तेही काढून घेतात. सगळ्यात धोक्याचं काम हेच. दुसरी पाळी संपत आली होती. तीन टब भरायचे राहिले होते. आमच्याकडे एक म्हातारे टिंबर मिस्त्री होते, टेकू लावणारे. सही करता येत नव्हती, पण छताची भाषा त्यांना पाठ होती. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सरदार भाऊ, छत बोलून राह्यलं. माणसं काढा."

मी काठी घेतली, दोन ठिकाणी ठोकलं. एका ठिकाणी आवाज चांगला आला, एका ठिकाणी मला नीट कळलं नाही. मी घड्याळ पाहिलं. तीन टब. म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे, एवढं होऊन जाऊ द्या. मिस्त्री काही बोलले नाहीत. ते माझ्याहून तीस वर्षांनी मोठे होते, पण हुद्द्यानं मी वर होतो.

सातव्या मिनिटाला टेकू तडतडले. मिस्त्री ओरडले, आम्ही पळालो. सगळे सुटले, एक लोडर सुटला नाही. त्याचा पाय दगडाखाली आला.

दुसरी गोष्ट त्यानंतरची आहे आणि ती मला पहिलीइतकीच टोचते. पब्बर लावून, दगड उचलून आम्ही त्याला काढलं. मी एकाला स्ट्रेचर आणायला पळवलं. तो हात हलवत परत आला. स्ट्रेचर होतं, प्रथमोपचाराची पेटीही होती, पण खोलीला कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडे असायची तो पहिल्या पाळीचा माणूस घरी निघून गेला होता. शेवटी हवा वळवण्यासाठी बांधलेला जाड कापडी पडदा फाडून काढला, त्याची झोळी केली आणि चढणीच्या वाटेनं त्याला वर नेलं. वर आल्यावर कळलं, गाडी आहे, पण ड्रायव्हर जेवायला गेला आहे.

त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वेळ वाचला असता तर पाय वाचला असता का, हे कोणी डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकला नाही. मलाही सांगता येत नाही. चौकशीच्या कागदावर कारण लिहिलं गेलं, 'छत कोसळणे'. ते खोटं नव्हतं. पण छत सांगून कोसळलं होतं, हे त्या कागदावर कुठं नव्हतं. आणि कुलूप तर कुठल्याच कागदावर नव्हतं.

पुढं जे काही शिकलो आणि शिकवलं, ते या दोन गोष्टींतलंच. अपघात व्हायच्या आधी जी खूण मिळते ती ओळखून काम थांबवायचं, ही एक. आणि तरीही अपघात झालाच, तर किल्ली कुठं आहे हे आधीच ठरलेलं असायचं, ही दुसरी.

वास, घाम आणि चुन्याची पूड

छतच बोलतं असं नाही. सगळी खाण बोलते, फक्त प्रत्येक गोष्टीची भाषा वेगळी.

कोळशात मिथेन वायू अडकलेला असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आलं की एक ठिणगी पुरते. म्हणून सव्वा टक्का झाला की वीज तोडायची आणि माणसं मागे घ्यायची, असा नियम आहे. पूर्वी सुरक्षा-दिव्याच्या ज्योतीवर निळसर टोपी चढलेली दिसली की वायू ओळखायचे. आता हातात मावणारं यंत्र आकडाच दाखवतं. दुसरा वैरी कार्बन मोनॉक्साइड. जगात पुष्कळ ठिकाणी पूर्वी खाणीत पिंजऱ्यातून लहान पक्षी नेत. पक्षी मलूल झाला की माणसांनी परत फिरायचं.

कोळसा आपोआपही पेटतो. तो हवेतला प्राणवायू शोषतो, आतून तापतो, आणि उष्णता निघून जायला वाट नसेल तर एक दिवस धुमसायला लागतो. वणीच्या उन्हाळ्यात वर पडलेल्या कोळशाच्या ढिगातून धूर निघताना पुष्कळांनी पाहिला असेल. पण धूर ही शेवटची खूण. त्याच्या आधी भूमिगत खाणीत भिंतींना घाम सुटतो, हवा दमट होते आणि कुबट, थोडा रॉकेलसारखा वास येतो. ज्याला तो वास कळला, त्याला आग लागायच्या आधी वेळ मिळाला.

आणि कोळशाची धूळ. ही नुसती छातीत जाते असं नाही, हवेत उडालेली असताना पेटली तर तिचाही स्फोट होतो. वायूचा छोटा स्फोट धूळ उडवतो आणि धुळीचा स्फोट सगळी खाण घेतो. सप्टेंबर २००६ मध्ये झारखंडच्या भाटडीह खाणीत स्फोट होऊन ५० कामगार गेले. धुळीवर उपाय साधा आहे. चुनखडीची बारीक पूड खाणीत पसरून ठेवायची. कोळशाच्या धुळीत ती मिसळली की धूळ पेटत नाही. आमच्या राजूरला कोळसाही निघतो आणि चुन्याच्या भट्ट्याही आहेत. मी नव्या पोरांना सांगायचो, बघा, ज्या गावात रोग त्याच गावात औषध. फक्त पूड पसरायला कोणीतरी पाहिजे, आणि ती पसरली की नाही हे पाहायला दुसरं कोणीतरी.

काळ्या मातीची भेग

तुमच्यापैकी पुष्कळांना आता खुल्या खाणीच जास्त ठाऊक असतील. उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंप्री, घोन्सा. वर्धा नदीच्या काठानं गेलात तर मातीचे डोंगर दिसतात. ते देवानं केलेले नाहीत. कोळशावरची माती आणि दगड काढून टाकलेले ते ढीग आहेत. खाणीच्या भाषेत त्याला ओबी म्हणतात.

खुल्या खाणीत डोक्यावर छत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण तिथं छत आडवं नसून उभं असतं, एवढाच फरक. खाणीच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत नेतात. त्या पायऱ्यांची उंची, रुंदी आणि उतार नियमानं ठरलेला असतो. तो का, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. विहीर खोदताना वरची काळी माती सरळ उभी कापली आणि पाऊस आला तर काय होतं? काळी माती उन्हाळ्यात फाटते, त्या भेगांतून पहिलं पाणी खाली जातं, माती फुगते आणि दरड सुटते. विहिरीत जे होतं तेच खाणीत होतं, फक्त हजारपट.

जून २००० मध्ये आपल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कवडी खुल्या खाणीत अशीच कड खचून १० जण गेले. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधल्या राजमहल प्रकल्पाच्या लालमटिया खाणीत मातीचा ढीग सरकला आणि २३ जण त्याखाली गाडले गेले. एवढा मोठा ढीग सरकतो तेव्हा माणसाला पळायला वेळ नसतो. पण ढीग सरकायच्या आधी माथ्यावर भेगा पडतात, त्या रोज रुंदावतात, पायथ्याशी माती फुगून येते, कुठून तरी पाणी झिरपायला लागतं. आता मोठ्या खाणींत उताराची हालचाल मोजणारी रडार यंत्रं असतात. चांगली गोष्ट आहे. पण भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन खुंट्या ठोकून त्यांतलं अंतर रोज वहीत लिहिणं, हेही यंत्रच आहे. वही मात्र दुसऱ्या दिवशी कोणीतरी उघडून पाहिली पाहिजे.

खुल्या खाणीत माणसं दरडीखाली कधीतरी मरतात, चाकाखाली मात्र वारंवार मरतात. डम्परचा ड्रायव्हर घराच्या माडीएवढ्या उंचीवर बसतो. त्याच्या नाकासमोर उभी असलेली जीप त्याला दिसत नाही. म्हणून जीपला उंच काठीवर झेंडा असतो, डम्पर मागे येताना भोंगा वाजतो. भोंगा बिघडलेला डम्पर एक पाळी चालवून घ्यायचा मोह होतो. मला तीन टबांचा झाला होता, तसाच.

नकाशात नसलेलं पाणी

आता पाण्याबद्दल. आमच्या धंद्यात सगळ्यात मोठे घात पाण्यानं केले आहेत.

१० डिसेंबर १९५४ ला छिंदवाडा जिल्ह्यात न्यूटन चिखलीच्या खाणीत पाणी शिरून ६३ कामगार बुडाले. तेव्हा छिंदवाडा आणि आपला यवतमाळ एकाच राज्यात होते. पुढं २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाला खाणीत शेजारच्या जुन्या, पाण्यानं भरलेल्या खाणीचा बांध फुटला आणि पावणेचारशे माणसं गेली. 'काला पत्थर' सिनेमा पुष्कळांनी पाहिला असेल, त्यामागे हीच घटना होती. २७ सप्टेंबर १९९५ ला झारियाच्या गॅसलीटांड खाणीत नदीचं पाणी शिरून ६४ गेले.

जुन्या खाणीत पाणी साठतं हे कोणाला ठाऊक नसतं? तिच्यापासून ६० मीटरच्या आत काम न्यायचं असेल तर वेगळी परवानगी लागते, आधी भोकं पाडून पुढं पाणी आहे का ते पाहावं लागतं. पण हे अंतर मोजायचं कशावरून? नकाशावरून. जुना नकाशा चुकीचा असेल, अर्धवट असेल किंवा कपाटात असेल, तर ६० मीटरचा नियम काय कामाचा? म्हणून मी म्हणतो, खाण बंद करताना काढलेला शेवटचा नकाशा हा पन्नास वर्षांनी येणाऱ्या माणसासाठी लिहून ठेवलेला निरोप आहे.

हा निरोप खाणीबाहेरच्या माणसालाही लागतो. वर्धा नदीच्या पलीकडे, आमच्या अगदी समोर घुग्घुस आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. पुढं आसपासच्या कुटुंबांना तिथून हलवावं लागलं. ती माणसं काही खाणीत उतरली नव्हती, आपल्या घरात होती.

पाण्याच्या गोष्टींत एक गोष्ट मात्र वेगळी आहे. १३ नोव्हेंबर १९८९ ला राणीगंजच्या महाबीर खाणीत असंच पाणी शिरलं. सहा जण दगावले, पण आत अडकलेल्या ६५ जणांना वर काढलं. जसवंतसिंग गिल नावाच्या अभियंत्यानं जमिनीतून मोठं भोक पाडून घेतलं, पोलादाची एक माणूस मावेल एवढी कुपी बनवून घेतली, स्वतः त्या कुपीत बसून खाली उतरले आणि एकेकाला वर पाठवलं. त्यांच्या धाडसाचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण भोक नेमकं कुठं पाडायचं, हे नकाशाशिवाय कळत नाही आणि कुपी वेल्डिंगच्या दुकानाशिवाय होत नाही. गिलसाहेबांसारखा माणूस प्रत्येक खाणीला मिळेलच असं नाही. नकाशा आणि दुकान मात्र प्रत्येक खाणीला ठेवता येतं.

मग ऐकत का नाहीत?

तुम्ही म्हणाल, एवढ्या खुणा असतात तर मग माणसं ऐकत का नाहीत? मी ऐकलं नाही, म्हणून मला या प्रश्नाचं उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे.

पहिलं कारण सवय. छत शंभरदा बोलतं आणि नव्याण्णव वेळा पडत नाही. प्रत्येक वेळी न पडलेलं छत माणसाला शिकवतं की, काही होत नाही. म्हणून जो अपघात होता होता राहिला, त्याची नोंद झालेल्या अपघाताइतकीच नीट ठेवावी. तो फुकटात मिळालेला धडा असतो.

दुसरं कारण टनांचा हिशेब. पाळीत किती कोळसा निघाला हे फळ्यावर लिहितात. किती वेळा काम थांबवलं, हे कोणी लिहीत नाही. आणि लिहिलंच तर थांबवणाऱ्याची बढाई म्हणून नाही, त्याचा दोष म्हणून लिहितात.

तिसरं कारण भीती. आज खाणींत ठेकेदाराकडचे पुष्कळ कामगार आहेत. ज्याची उद्याची हजेरी ठेकेदाराच्या मर्जीवर, तो मुलगा ठेकेदाराला सांगेल का, की साहेब, कडेला भेग पडली आहे, मी खाली जाणार नाही? कायद्यानं त्याला ते सांगायचा हक्क आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेतही जिवाला धोका दिसला तर मालकाच्या नजरेस आणून द्यायचा हक्क कामगाराला दिलेला आहे. पण हक्क पुस्तकात असून भागत नाही. एका कामगारानं काम थांबवलं, तपासल्यावर काही निघालं नाही, आणि तरीही साहेब त्याला म्हणाले, "बरं केलंस", असं एकदा जरी घडलं, तरी सगळ्या खाणीला तो हक्क कळतो. त्या दिवशी मिस्त्रींनी मला सांगितलं, हे त्यांचं धाडस होतं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण मी घड्याळ पाहिलं होतं.

भोंगा वाजला तर

आता कुलपाची गोष्ट. प्रत्येक खाणीत, प्रत्येक वीज केंद्रात आपत्कालीन आराखडा असतो. चांगली बांधलेली फाईल असते. माझा प्रश्न साधा असतो. रात्री अडीच वाजता, पावसात, साहेब सुटीवर असताना भोंगा वाजला, तर सगळ्यात धाकट्या माणसाला काय करायचं ते ठाऊक आहे का?

खाणीत उतरताना प्रत्येक माणूस आपली नोंद करून दिवा घेतो आणि वर आल्यावर तो परत करतो. नव्या माणसाला हा उगाचचा सोपस्कार वाटतो. पण दुर्घटनेत बचावाचा पहिला प्रश्न असतो, आत किती जण आहेत? दिव्याच्या खोलीतल्या रिकाम्या जागा मोजल्या की उत्तर मिळतं. मित्राचा दिवा दुसऱ्यानं परत केला, की ते उत्तर चुकलं. मग नसलेल्या माणसासाठी बचाव पथक जीव धोक्यात घालतं किंवा असलेला माणूस आतच राहतो.

नागपूरला खाण बचाव केंद्र आहे. तिथली माणसं पाठीवर प्राणवायूचा संच घेऊन धुरात काम करायचा सराव वर्षानुवर्षं करतात. पण त्यांना वणीला यायला वेळ लागतो. तोवरची पहिली घटका आपली आपल्याला निभवावी लागते. प्रत्येक कामगाराच्या कमरेला आणीबाणीत श्वास घ्यायचा छोटा संच असतो. तो जेमतेम अर्धा-पाऊण तास पुरतो. ज्यानं तो डोळे मिटून तोंडाला लावायचा सराव केला आहे, त्यालाच तो अर्धा तास मिळतो. बाकीच्यांचा वेळ झाकण उघडण्यात जातो.

म्हणून सराव सांगून-सवरून सकाळी दहा वाजता फोटोग्राफरसमोर करू नये. रात्रपाळीत करावा. गाडी खरंच बोलवावी, ड्रायव्हर कुठं आहे ते पाहावं. सराव फसला तर लाजू नये, उलट बरं मानावं. कुलूप सरावात सापडलं तर माणसाचा पाय वाचतो.

तारेचं दुसरं टोक

श्रोतेहो, तुमच्यापैकी पुष्कळजण म्हणतील, आम्ही काही खदानीत जात नाही. बरोबर. पण वणीच्या जमिनीतला कोळसा रेल्वेनं जातो, चंद्रपूरसारख्या २९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्रात जळतो आणि वीज होऊन तारेवरून परत येतो, तो दारव्ह्याच्या, आर्णीच्या, पुसदच्या शेतातल्या मोटरपंपापर्यंत. खाण हे ऊर्जेचं एक टोक, तर तुमच्या पंपाची पेटी हे दुसरं. आणि तेही टोक बोलतं.

पेटीला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर ती खूण आहे. आपण म्हणतो, "थोडा करंट येते, काही होत नाही." हेच ते नव्याण्णव वेळा न पडलेलं छत. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकला की असं होतं. त्यात पाणी घाला, तार तुटली आहे का ते पाहा, करंट गळला की आपोआप बंद होणारं ईएलसीबी बसवा. रानडुकरांसाठी कुंपणात करंट सोडू नका. अशा कुंपणाला चिकटून शेजारी मेले आहेत, घरचे मेले आहेत. तो गुन्हा तर आहेच. वायरमन दुरुस्तीला खांबावर चढणार असेल तर 'लाईन बंद केली' हे फोनवरचं बोलणं पुरेसं धरू नका. परमिट, तपासणी आणि तारेला तात्पुरतं अर्थिंग, या तीन गोष्टी झाल्याशिवाय लाईन बंद नसते.

वादळात तार तुटून पडली तर तीस-चाळीस फूट लांब राहा, जनावरांना आवरा आणि १९१२ ला फोन करा. तुम्ही जवळच असाल तर लांब ढांगा टाकू नका. पावलं एकमेकांना चिकटवून, सरपटत मागे या, कारण जमिनीतही करंट पसरलेला असतो. कोणी तारेला चिकटला असेल तर आधी वीज बंद करा, मगच त्याला हात लावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला शंभरेक वेळा जोरानं दाबत राहा आणि १०८ ची गाडी येईपर्यंत थांबू नका. हे ऐकून येत नाही, करून येतं. गावात आरोग्य केंद्राच्या मदतीनं एकदा शिकून घ्या. ग्रामसभेत हा विषय घ्या. १०८, ११२, १९१२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, हे आकडे डीपीच्या खांबाजवळच्या भिंतीवर रंगवून ठेवा.

किल्ली कुठं आहे?

ज्याचा पाय गेला तो माझा सोबती पुढं दिव्याच्या खोलीत कामाला लागला. माणसं मोजायचं काम त्याच्याकडे आलं. त्यानं कधी दुसऱ्याचा दिवा परत घेतला नाही. कोणी हट्ट केला तर आपला लाकडी पाय पुढं करायचा आणि म्हणायचा, "ज्याचा त्यानं आणावा." त्यानं मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर मला हलकं वाटलं असतं.

टिंबर मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्याकडे ही काठी मागितली. ते म्हणाले, "काठी घेऊन काय करता भाऊ, कान घ्या." तरी त्यांनी काठी दिली.

आज भाषण ऐकून झाल्यावर एक काम करा. तुम्ही खाणीत असा, वीज केंद्रात असा, जिनिंगमध्ये असा की आपल्या घरी असा. आग विझवायचं नळकांडं, प्रथमोपचाराची पेटी, मेन स्विच, मागचं दार, जे काही अडचणीत लागेल, त्याच्यापर्यंत एकदा चालत जा. वाटेत कुलूप लागतं का ते पाहा. लागलं, तर किल्ली कोणाकडे असते आणि तो माणूस किती वाजता घरी जातो, ते विचारा.